अफूवाल्याचं बेट, साबणवाल्याचं बेट

स्कॉटलंडजवळच्या लुईस बेटावर जायचं ठरलं ते बुद्धिबळाच्या मोहऱ्यांपायी. माझे धाकटे दीर अ‍ॅबर्डीनला तेलाच्या धंद्यात आहेत. आम्ही तिकडे गेलो की सुहासभावजी हौसेनं गाडी काढतात आणि एडिंबरा, लॉक नेस, फार तर स्काय अशी ठरलेली प्रदक्षिणा घडवतात. या खेपेला मी हट्ट धरला. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकत असताना वर्गातल्या फळ्यावर एका राणीचं चित्र टाचलेलं असायचं. गालावर हात ठेवून बसलेली, डोळे विस्फारलेले, आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगून गेल्यासारखी. ती लुईस बेटावर सापडलेली, बाराव्या शतकातली, वॉलरसच्या सुळ्यात कोरलेली. तिला तिच्या गावी जाऊन बघायचं होतं.

"वहिनी, ती राणी लंडनच्या म्युझियममध्ये आहे. त्यासाठी बोटीत बसायची काय गरज?" भावजी म्हणाले. जाऊबाईंनी फोनवर शोधून काढलं की सहा मोहरे बेटावर परत आलेत, ब्रिटिश म्युझियमनं दीर्घ मुदतीवर दिलेले, आणि ते स्टॉर्नोवेच्या, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावाच्या, किल्ल्यात ठेवलेत. मग काय, निघालो.

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला उलापूल नावाचं छोटं बंदर आहे. तिथून मोठी फेरीबोट गाडीसकट पोटात घेते आणि साधारण अडीच तासांत स्टॉर्नोवेला सोडते. बोटीवरच्या सूचना आधी गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या मूळ भाषेत, मग इंग्रजीत. खालच्या उपाहारगृहात बटाट्याचे काप आणि व्हिनेगरचा वास. माझा नवरा अविनाश वाऱ्यात डेकवर उभं राहायला गेला आणि टोपी समुद्राला वाहून परत आला. बंदरात शिरताना उजव्या हाताला काही काळे खडक आणि एक स्मारक दिसतं. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. डाव्या हाताला मात्र एकदम झाडं दिसायला लागतात, दाट, उंच, हिरवीगार, आणि त्यांच्या वर बुरुजांचा, कंगोऱ्यांचा एक किल्ला. हे विचित्र वाटण्याचं कारण असं की लुईसवर झाडं जवळपास नाहीतच. मैलोन्‌मैल दलदलीची तपकिरी जमीन, अधूनमधून डबकी आणि आडवा वारा. अशा बेटावर हे जंगल कुणी तरी पैसे मोजून लावलंय हे सांगावं लागत नाही.

मोहरे त्या किल्ल्याला जोडून बांधलेल्या नव्या संग्रहालयात आहेत. २०१६ साली ते उघडलं. प्रवेश फुकट. काचेमागे सहाच जण, पण चित्रावरून त्यांचा आकार कळत नाही हे तिथे लक्षात आलं. राजासुद्धा जेमतेम हाताच्या पंजाएवढा. मला आपला राणीच्या चेहऱ्यावरचा ताण ओळखीचा होता. समोरून बघताना मात्र पाठीमागचं काम जास्त आवडलं: सिंहासनाच्या मागच्या बाजूला वेलबुट्टी कोरलेली आहे, पटावर बसल्यावर ती फक्त आपल्याच बाजूच्या खेळाडूला दिसणार. शत्रूला तोंड, मालकाला नक्षी. कोरणाऱ्यानं हे ठरवून केलं असणार. आपण जिथे हत्ती ठेवतो तिथे त्यांच्याकडे एक शिपाई उभा आहे, आणि त्यातले काही शिपाई युद्धाच्या कैफात स्वतःच्या ढालीची कड दातांनी चावताहेत. प्यादी म्हणजे नुसते छोट्या शिळांसारखे तुकडे, चेहराच नाही. सैन्यातल्या गरिबांना चेहरा द्यायची पद्धत तिकडेही नव्हती.

ही सगळी मंडळी १८३१ साली बेटाच्या पश्चिमेला ऊगच्या वाळूत सापडली. मोहरे, सोंगट्या आणि पट्ट्याचं एक बक्कल मिळून ९३ वस्तू. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला त्या घडवल्या असाव्यात असं बहुतेक अभ्यासक मानतात, कारण तेव्हा लुईसवर नॉर्वेच्या राजाची सत्ता होती. १२६६च्या तहात ही बेटं स्कॉटलंडकडे आली. आपण ज्याला जगाचं टोक समजून फोटो काढायला येतो, ते नॉर्वे, आयर्लंड आणि आइसलंडच्या बोटींच्या वाटेवरचं चांगलं नाक्यावरचं ठिकाण होतं. ९३पैकी ८२ वस्तू लंडनला गेल्या, ११ एडिंबराला. काही मोहरे कमी भरतात. त्यातला एक एडिंबरातल्या एका घरी खणात पडून होता. घरातल्या पूर्वजानं १९६४ साली तो पाच पौंडांना घेतला होता, २०१९ साली तो ७ लाख ३५ हजार पौंडांना गेला. भावजींनी हे ऐकून अ‍ॅबर्डीनच्या घरातले सगळे खण तपासायची प्रतिज्ञा केली.

माझं मन मात्र तोवर मोहऱ्यांवरून उडालं होतं. किल्ला कुणी बांधला, एवढंच मी तिथल्या बाईंना विचारलं. त्यांनी अगदी सहज सांगितलं: सर जेम्स मॅथेसन, चीनच्या व्यापारातला पैसा. त्या पुढे म्हणाल्या, म्हणजे अफूचा.

जार्डिन-मॅथेसन हे नाव मुंबईत थोडाबहुत इतिहास वाचलेल्या कुणालाही थबकवेल. १८३२ साली कँटनमध्ये स्थापन झालेली ही पेढी. चीनमध्ये बंदी असलेली अफू ती किनाऱ्यावरून आत उतरवायची. ती अफू यायची हिंदुस्थानातून. बंगालकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, पण माळव्याची अफू तिच्या हाताबाहेर होती. शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली ही अफू आधी दमणमार्गे चोरून जायची. मग १८३०च्या सुमारास कंपनीनं शहाणपण केलं: अडवण्यापेक्षा पेटीमागे पासाचे पैसे घ्या आणि मुंबईमार्गे जाऊ द्या. ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी दरबारांना सारा, कंपनीला पास, मुंबईच्या शेठांना नफा. आणि त्या शेठांत सगळ्यात मोठा, जार्डिन-मॅथेसनचा मुंबईतला सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे जमशेटजी जीजीभाई. जार्डिन आणि जमशेटजी यांची ओळख १८०५ साली एका जहाजावर झाली. जार्डिन तेव्हा जहाजाचा डॉक्टर, जमशेटजी तरुण व्यापारी. फ्रेंचांनी ते जहाज पकडलं आणि दोघं एकत्रच कैदेत पडले. अशा ठिकाणी जमलेली मैत्री पुढे टिकते.

मी ज्या जे. जे.मध्ये शिकले तिचे हे जे. जे. १८५७ साली त्यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. त्याआधी १८४५ साली रुग्णालय. त्याच वर्षी माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता, पत्नी आवाबाईंच्या पैशातून. पुण्याला पाणी मिळावं म्हणून मुळा-मुठेवर बंधारा. मुंबईत सार्वजनिक म्हणून जे जे चांगलं उभं आहे त्यातलं बरंच या माणसाच्या हातून झालंय. १८४२ साली त्यांना 'सर' केलं, हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. ज्या वर्षी पहिलं अफूयुद्ध संपून चीननं हाँगकाँग सोडलं, तेच हे वर्ष.

भावजींनी किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभं राहून मला डिवचलं. "मग वहिनी, तुमच्या कॉलेजची फीसुद्धा अफूतूनच की."

फी सरकारी होती आणि अगदी माफक, असं मी म्हटलं, पण ते काही उत्तर नव्हे. दोन्ही इमारती एकाच थैलीतून निघाल्या हे खरं आहे. तरी मला फरक दिसतो आणि तो मी पक्षपात म्हणून सांगत नाही. जमशेटजींनी पैसा आपल्या शहराच्या दवाखान्यात, शाळेत, रस्त्यात घातला. मॅथेसननं १८४४ साली अख्खं बेट विकत घेतलं, सुमारे १ लाख ९० हजार पौंडांना, माणसांसकट. कागदावर माणसं नव्हती, पण जमीन त्याची आणि त्या जमिनीवर कसून खाणारे हजारो लोक कुळं, म्हणजे त्याचीच. पैशाच्या उगमावरून दोघांना एकाच तराजूत घालता येईल. पैसा गेला कुठे हे मला उगमाइतकंच महत्त्वाचं वाटतं. चीनमध्ये ज्यांची घरं उठली त्यांना हा फरक अर्थातच काही कामाचा नाही.

मॅथेसनला नुसता खलनायक करून भागत नाही, तीच अडचण आहे. तो मालक झाल्यावर दोन वर्षांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. आयर्लंडमध्ये पडला तोच. त्यानं पदरच्या पैशानं धान्य आणवलं, रस्ते बांधायला लोक लावले, शाळा काढल्या. त्याबद्दल १८५१ साली त्याला वंशपरंपरा चालणारा 'सर'चा किताब मिळाला. जमशेटजींना तो सहा वर्षांनी मिळाला. आणि किताब मिळाला त्याच वर्षापासून बेटावरून कॅनडाला जहाजं सुटायला लागली. भाडं मालक देणार, मागची थकबाकी माफ करणार, जा. कारभारी गावोगाव फिरून याद्या करत होता. ज्यांचा खंड दोन-दोन वर्षं थकलाय ती कुटुंबं आधी. जायचं की नाही हे विचारलं जायचं, पण थकलेल्या कुळाला नाही म्हणण्याइतपत जागा कितीशी असते?

गाडीतून हिंडताना हा माणूस पाठ सोडत नाही. आम्ही कॅलानिशला गेलो. पश्चिम किनाऱ्यावर पाण्याकडे उतरत जाणाऱ्या टेकाडावर पाच हजार वर्षांपूर्वी लोकांनी उभे केलेले दगड आहेत. मधला सुमारे ४.८ मीटर उंच, भोवती तेरा दगडांचं कडं, आणि चारी दिशांना फुटणाऱ्या रांगा. दगड आहे 'नाइस' नावाच्या जातीचा, सुमारे तीन अब्ज वर्षांचा. त्यावर राखाडी आणि पांढऱ्या लाटा अशा की कुणी तरी कणीक अर्धवट मळून सोडून दिलीय. सह्याद्रीचा कातळ याच्यापुढे अगदी काल-परवाचा. दर साडेअठरा वर्षांनी चंद्र दक्षिणेच्या डोंगरांवरून अगदी खालून सरकतो आणि या दगडांमधून बघितला तर जमिनीवरून चालल्यासारखा दिसतो. तिथे कुंपण नाही, तिकीट नाही. जाऊबाईंनी एका दगडाला टेकून थर्मासमधला चहा ओतला आणि कुणी काही म्हटलं नाही.

तर हे दगड शतकानुशतकं निम्मे जमिनीत होते. या बेटावर पावसानं कुजलेल्या गवत-शेवाळाचे थरावर थर साचत जातात, त्याला पीट म्हणतात. वाळवलं की ते इंधन. कॅलानिशच्या दगडांभोवतीही दीड मीटर पीट चढलं होतं. १८५७ साली ते उकरून काढवलं कुणी? मॅथेसननं. ज्या वर्षी मुंबईत जे. जे.चे वर्ग सुरू होत होते, त्या वर्षी.

पीट कसं जळतं ते बघायला आम्ही आर्नोलच्या काळ्या घरात गेलो. ४२ नंबरचं हे घर सरकारनं जसंच्या तसं जपलंय. जाड दगडी दुहेरी भिंती, मध्ये माती भरलेली, वर गवताचं शाकारणं दोरानं दगडांना बांधलेलं, खिडक्या नावापुरत्या. धुराडं नाहीच. मधोमध जमिनीवर पीटचा निखारा, आणि धूर आपला शाकारणीतून वाट काढत जातो. त्या काजळीनं भरलेलं जुनं शाकारणं दर वर्षी उतरवून शेतात खत म्हणून टाकायचे. त्याच छपराखाली एका बाजूला गुरं. उतार गुरांकडे, म्हणजे शेण-मूत खाली जाईल. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले आणि अविनाश म्हणाला, "आजोळच्या चुलीची आठवण आली." मला नाही आली. हा वास वेगळा आहे, मातकट, थोडा गोडसर, दुसऱ्या दिवशीही स्वेटरला येत होता. या घरात १९६०च्या दशकापर्यंत माणसं राहत होती. म्हणजे बीटल्सची गाणी रेडिओवर लागत होती तेव्हा इथे गुरं आणि माणसं एका दारानं आत येत होती. किल्ल्याचं नाचघर पाहून आल्यावर हे पाहणं बरं नव्हे, किंवा पाहावं तर याच क्रमानं पाहावं.

लुईसच्या पश्चिमेला ग्रेट बर्नेरा नावाचं छोटं बेट चिकटलेलं आहे. आता पूल आहे. १८७४ साली मॅथेसनच्या कारभाऱ्यानं, डोनाल्ड मनरोनं, तिथल्या ५८ कुटुंबांना हुसकावायच्या नोटिसा काढल्या. बेटावरच्या इतक्या अधिकारपदांवर हा एकच माणूस बसला होता की तक्रार करायची तर त्याच्याकडेच करावी लागे. नोटिसा घेऊन आलेल्या शिपायांवर पोरांनी मातीची ढेकळं फेकली, झटापटीत एकाचा कोट फाटला. तिघांवर खटला भरला. तेव्हा बर्नेराची माणसं पुढे बॅगपाइप वाजवत चालत स्टॉर्नोवेला आली आणि किल्ल्यासमोर उभी राहिली. मॅथेसन बाहेर आला आणि म्हणाला, मला यातलं काहीच ठाऊक नाही. खटल्यात तिघेही सुटले, आणि कोट फाडल्याचा खटला उलटून कारभाऱ्याच्या कारभाराचीच उलटतपासणी झाली. मनरोची चाकरी गेली. पुढे १८८६ साली कायदा झाला आणि या कुळांना, ज्यांना तिकडे क्रॉफ्टर म्हणतात, जमिनीवरून कुणी उठवणार नाही अशी हमी मिळाली, खंड ठरवायला न्यायमंडळ मिळालं.

हे वाचताना सुप्याची आठवण न येणं कठीण. बर्नेराच्या पुढच्याच वर्षी, मे १८७५मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि रोखे काढून जाळले, आणि चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. दोन्हीकडे लोकांनी माणूस मारण्यापेक्षा कागद आणि कोट यांच्यावर राग काढला, आणि दोन्हीकडे चौकशी करून कायदा करणारं सरकार एकच होतं. आपल्या कायद्यानं सावकार फारसा हलला नाही. त्यांच्या कायद्यानं क्रॉफ्टर मात्र खरोखर जागेवर राहिला; आजही बेटावर घरामागे समुद्राकडे गेलेले जमिनीचे लांबट पट्टे दिसतात ते त्याचेच.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई साठीच्या, बोलक्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी बजावलं: उद्या काय लागेल ते आत्ताच आणून ठेवा. लुईसचा रविवार हा अजूनही देवाचा वार आहे. पूर्वी तर बागेतले झोपाळेसुद्धा बांधून ठेवत. रविवारची फेरीबोट सुरू झाली ती २००९ साली, विरोध होऊन. मोठं दुकान रविवारी उघडायला लागलं २०२४च्या शेवटी, तेही बरीच भवती न भवती होऊन. मालकीणबाईंना मी विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूच्या? त्या म्हणाल्या, मी दुकानात जात नाही, पण दुकान उघडं असल्याबद्दल भांडतही नाही. आमच्याकडे चातुर्मासात कांदा न खाणाऱ्या पण शेजारणीच्या भज्यांना नावं न ठेवणाऱ्या बायका असत, त्यांच्याच जातकुळीतल्या.

त्या रविवारी आम्ही त्यांनीच सुचवल्याप्रमाणे पायी त्या उजव्या हाताच्या खडकांकडे गेलो. १ जानेवारी १९१९. पहिलं महायुद्ध संपून सात आठवडे झाले होते. नौदलातून सुटलेले बेटाचे तरुण नववर्षाला घरी यायला निघाले, आणि 'आयोलेर' नावाची त्यांची बोट रात्री स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून दगड मारावा इतक्या अंतरावर, या खडकांवर आदळली. सुमारे २८० जणांपैकी २०१ गेले. युद्धातून वाचलेले. बेटाच्या उत्तर टोकाच्या नेस भागातल्या एका तरुणानं दोर घेऊन पोहत किनारा गाठला म्हणून बाकीच्यांतले कितीतरी वाचले. ज्या गावांत युद्धाच्या तारा येणं थांबलं होतं तिथे गाड्यांवरून प्रेतं पोचली. दोन पिढ्या बेटावर या विषयावर कुणी बोलत नसे. मालकीणबाईंनीही एवढंच सांगितलं की त्यांच्या घरात १ जानेवारीला कधी काही साजरं झालं नाही.

या अपघाताच्या वेळी बेटाचा मालक बदललेला होता. १९१८ साली ते विकत घेतलं लॉर्ड लीव्हरह्यूमनं. सनलाइट आणि लाइफबॉय या साबणांचा हा मालक. त्याच्या साबणाच्या पेट्या १८८८ पासून कलकत्त्याच्या बंदरात उतरत होत्या, आणि पुढे त्याच कंपनीची हिंदुस्थान लीव्हर झाली. आमच्या मोरीत दगडावर ठेवलेली ती लाल वडी मला आठवते. अफूच्या पैशानं घेतलेलं बेट आता साबणाच्या पैशानं घेतलं गेलं.

लीव्हरह्यूम मॅथेसनहून वेगळा होता. त्याला बेट सुधारायचं होतं, मनापासून आणि घाईनं. मासे डबाबंद करायचे कारखाने, बर्फाचे कारखाने, रेल्वे, नवं शहर. मासे विकायला त्यानं ब्रिटनभर दुकानांची साखळीच काढली. प्रत्येकाला पगाराची नोकरी. एकच अट: स्टॉर्नोवेजवळची मोठी शेतं तोडून क्रॉफ्ट पाडायचे नाहीत, तिथे शहराला दूध पुरवणाऱ्या गाई राहतील. आणि युद्धावरून परतलेल्यांना नेमकी तीच शेतं हवी होती. जमिनीचं वचन देऊन सरकारनं त्यांना लढायला नेलं होतं. मार्च १९१९मध्ये ग्रेसच्या पुलावर लीव्हरह्यूम शेकडो लोकांसमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं स्वप्न उलगडून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग ग्रेस, कॉल, टाँग इथल्या शेतांवर शिरून मेखा ठोकल्या, जमीन वाटून घेतली, बटाटे लावले.

टाँग हे गाव आज दुसऱ्याच कारणानं लोकांना ठाऊक आहे. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आई तिथल्या. क्रॉफ्टरच्या पोटी १९१२ साली जन्मल्या, १९३० साली बोटीत बसून न्यूयॉर्कला गेल्या. मालकीणबाईंना पाहुणे हाच एक प्रश्न हमखास विचारतात म्हणे. आम्ही विचारला नाही याबद्दल त्यांनी नाश्त्याला जास्तीचे ओटकेक वाढले.

साबणवाल्यानं लोकांना काय हवं हे विचारलंच नाही असं कुणी लिहितं तेव्हा मला ते पुरतं पटत नाही. त्यानं विचारलं, उत्तरही मिळालं, फक्त ते उत्तर त्याला अडाणीपणाचं वाटलं. कारखान्याचा पगार सोडून चार एकर ओल्या जमिनीचा हट्ट कोण धरतं? ज्याच्या आजोबांचं नाव थकबाकीच्या यादीत होतं, तो धरतो. पगार देणारा उद्या मरेल, कंपनी विकली जाईल. झालंही तसंच. १९२३ साली तो कंटाळला, पैसाही आटला होता. निघताना त्यानं जे केलं त्याला मात्र दाद द्यायला हवी: बेट लोकांना फुकट देऊ केलं. खेड्यातल्या क्रॉफ्टरांनी हिशेब केला, मालक झालो तर कर आपल्यावर येतील, आणि नको म्हणाले. स्टॉर्नोवेनं घेतलं. किल्ल्याभोवतीचं ते जंगल आणि ६० हजारांहून जास्त एकर जमीन तेव्हापासून स्टॉर्नोवे ट्रस्टकडे आहे, आणि त्याचे विश्वस्त तिथले रहिवासी मतदान करून निवडतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'मेटागामा' नावाच्या बोटीनं बेटावरचे सुमारे ३०० तरुण कॅनडाला नेले. देणगी आणि गळती एकाच वर्षी.

खेड्यांनी तेव्हा नाकारलेलं पुढे त्यांनी स्वतःहून विकत घेतलं. उत्तरेच्या गॅल्सन भागातल्या बावीस गावांनी २००७ साली आपली जमीन सामूहिक मालकीची करून घेतली. तिथे पवनचक्क्या फिरतात आणि विजेचे पैसे गावांच्या कामाला येतात. वाऱ्याला इतकी वर्षं शिव्या दिल्यावर तो कामाला लागला, असं मालकीणबाईंचं मत.

सोमवारी सकाळी गावात दुकानं उघडली तशी भावजींनी हॅरिस ट्वीडच्या कोटाचा विषय काढला. हे कापड या बेटांवरच, विणकराच्या स्वतःच्या घरात, हातमागावर विणलेलं असलं पाहिजे असा १९९३चा संसदेचा कायदाच आहे. एका दुकानात गल्ल्यावरचे गृहस्थ एका म्हाताऱ्या बाईंशी गेलिकमध्ये अघळपघळ गप्पा मारत होते. त्या गेल्या आणि ते आमच्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "आइए, कहाँ से?" त्यांचे आजोबा फाळणीच्या आधी पंजाबातून आले होते. कपड्यांची पेटी सायकलला बांधून, काळ्या घरांच्या दारोदार फिरत. त्या पहिल्या फेरीवाल्यांची नातवंडं-पतवंडं आता बेटाचीच झालीत. २०१८ साली त्यांची मशीद झाली, तिच्यासाठी लोकवर्गणीही जमली.

आम्ही मुंबईचे म्हटल्यावर ते हसले. "बंबई! तो क्या बेचने आए हैं?"

भावजींनी तोवर कोट अंगावर चढवून आरशात मान वळवून पाहिलं होतं. किमतीची चिठ्ठी वाचून ती त्यांनी हळूच बाहीत सरकवली, आणि कुर्ल्याच्या बाजारात शिकलेल्या आवाजात घासाघीस सुरू केली. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग मागच्या खोलीत कुणाला तरी गेलिकमध्ये काही सांगितलं. आतून मोठ्यांदा हसण्याचा आवाज आला. कोट एका पेनीनंही कमी झाला नाही, टोपी मात्र फुकट मिळाली, आणि ती अविनाशनं घातली.